पुलाअलीकडे हक्क, पुलापलीकडे गुन्हा

(मुले-मुली अमेरिकेत वास्तव्याला असलेल्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ऑक्टोबर २०१३ मधील गोष्ट. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहरात राहणारी, दोन लहान मुलांना एकटीने वाढविणारी एक तरुण आई मोटारीने शेजारच्या न्यू जर्सी राज्यात चालली होती. त्यापूर्वी तिला दोनदा लुटण्यात आले होते. म्हणून तिने रीतसर पिस्तूल विकत घेतले आणि ते जवळ बाळगण्याचा परवानाही रीतसर काढला. न्यू जर्सीत वाहतुकीच्या एका किरकोळ चुकीसाठी पोलिसाने तिची मोटार थांबविली. आपल्याकडे लपविण्यासारखे काही नाही, या समजुतीने तिने आपणहून सांगितले, की जवळ पिस्तूल आहे आणि हा त्याचा परवाना. पोलिसाने परवाना पाहिला आणि तिला अटक केली.

परवाना बनावट नव्हता. त्याची मुदतही संपलेली नव्हती. परंतु तो पेनसिल्व्हेनियाचा होता, आणि न्यू जर्सी हे राज्य अन्य कोणत्याही राज्याचा असा परवाना मानीत नाही. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे त्या बाईसमोर किमान साडेतीन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा उभी राहिली. या शिक्षेत सवलत देण्याची मोकळीक न्यायाधीशालाही फारशी नव्हती. देशभर ओरड झाली, सरकारी वकिलांनी वर्षभराने भूमिका बदलली आणि अखेर एप्रिल २०१५ मध्ये तेथील गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. दोन्ही राज्यांच्या मधून डेलावेअर नदी वाहते. फिलाडेल्फियाहून बेंजामिन फ्रँकलिन पूल ओलांडून पलीकडच्या कॅम्डन गावात पोहोचायला मोटारीने काही मिनिटे लागतात. तेवढ्या अंतरात एका सरळमार्गी नागरिकाचा घटनादत्त हक्क हा गंभीर गुन्हा ठरतो.

ही परदेशातील हकिगत येथे सांगण्याचे कारण उघड आहे. त्याच न्यू जर्सीत, एडिसन आणि त्याच्या आसपासच्या गावांत, आपली मराठी घरे मोठ्या संख्येने आहेत. मुले शिकायला जातात, नोकरीला लागतात, आठवड्याच्या सुटीत तीन-तीन राज्ये ओलांडून मित्रांकडे, मंदिरात, गणेशोत्सवाला जातात. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्सस राज्यातील ओलेथ गावी एका तरुण भारतीय अभियंत्याला केवळ त्याच्या परकेपणामुळे गोळी घालून ठार करण्यात आले, तेव्हा पुण्या-मुंबईतील घराघरांतून काळजीचे दूरध्वनी गेले. अशा काळजीतून एक प्रश्न हमखास निघतो : ‘तिकडे म्हणे बंदूक कोणालाही मिळते, मग आपल्या मुलाने एखादी जवळ ठेवली तर काय हरकत?’ या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही. ते ऐकण्यासाठी अमेरिकेतील या कायद्याची घडण थोडी समजून घ्यावी लागते.

आपल्या मनातील शस्त्रपरवान्याची कल्पना सरळ आहे. शस्त्र ही सरकारने दिलेली सवलत. जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्त यांच्याकडे अर्ज करावा, कारण सांगावे, चौकशी व्हावी आणि त्यांना पटले तर परवाना मिळावा. १९५९ चा शस्त्र अधिनियम याच पायावर उभा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, पण एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची मर्यादा घातली. निवडणुकीची आचारसंहिता लागली, की परवानाधारकाला हत्यार पोलिस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते आणि तो निमूटपणे जमा करतो. त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही, कारण ते मुळात आपले नाहीच, असे आपण धरून चाललेलो असतो.

याला इतिहास आहे. १८७८ साली इंग्रजांनी शस्त्रकायदा केला, त्यात भारतीयांना परवान्याची सक्ती होती आणि युरोपीय मात्र मोकळे होते. हा अपमान त्या पिढीच्या मनात इतका खोल रुतला, की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही लिहिला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि समितीने ती फेटाळली. स्वतंत्र भारताने हा प्रश्न त्या दिवशी निकालात काढला.

अमेरिकेने नेमका उलटा रस्ता धरला. १७९१ साली तेथील राज्यघटनेला जी दुसरी दुरुस्ती जोडली गेली, तिने शस्त्र ठेवण्याचा आणि वागविण्याचा जनतेचा हक्क अबाधित राखला. मूळ इंग्रजीत अवघे सत्तावीस शब्द. त्यांवर सव्वादोनशे वर्षे वाद चालू आहे. तो हक्क नागरी सेनेपुरता की प्रत्येक माणसाचा, याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २००८ साली, हेलर खटल्यात. पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने सांगितले, की स्वसंरक्षणासाठी घरात शस्त्र ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे. २०१० साली तो राज्यांनाही बंधनकारक ठरला. पण घरात ठेवणे वेगळे आणि कमरेला लावून बाजारात जाणे वेगळे. येथे आपली खरी गोष्ट सुरू होते, कारण रस्त्यावरचा कायदा दोन शतके प्रत्येक राज्याने आपापल्या मताने केला.

इंग्रजी चित्रपट पाहून आपला असा समज झालेला असतो, की जुन्या पश्चिमेत जो तो कमरेला पिस्तूल लावून हिंडत असे. वस्तुस्थिती गमतीची आहे. ॲरिझोनातील टूम्बस्टोन गावात १८८१ साली हद्दीत शस्त्र वागविण्यास बंदी होती. गावात शिरताना ते जमा करावे लागे. ऑक्टोबर १८८१ मधील ओके कोरलची ती सुप्रसिद्ध चकमक झडली तीच मुळी हा नियम अमलात आणताना! केंटकी आणि लुईझियाना या राज्यांनी तर १८१३ सालीच कपड्यांआड शस्त्र लपवून नेणे गुन्हा ठरविले होते. त्या काळची समजूत अशी, की सभ्य माणूस शस्त्र उघड लावतो, लपवितो तो मारेकरी. आज बऱ्याच ठिकाणी नेमकी उलटी समजूत आहे. उघड पिस्तूल दिसले की लोक दचकतात, म्हणून शर्टाखाली लपविलेले बरे.

परवान्याची पद्धत खऱ्या अर्थाने रुजली ती न्यूयॉर्कमध्ये, १९११ च्या सुलिव्हन कायद्याने. परवाना द्यावा की देऊ नये हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. अर्जदाराने ‘सबळ कारण’ दाखवावे, आणि ‘माझ्या वस्तीत चोऱ्या होतात’ हे कारण सबळ मानले जात नसे. इतरत्रही ही मर्जीची पद्धत पसरली. तिचा अनुभव काय होता हे एका अर्जावरून कळते. १९५६ साली अलाबामातील माँटगोमेरी येथे घरावर बॉम्ब पडल्यानंतर एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला. अर्जदाराचे नाव होते मार्टिन ल्यूथर किंग. त्याआधी नव्वद वर्षे, यादवी युद्ध संपताच, दक्षिणेतील राज्यांनी मुक्त झालेल्या गुलामांना विनापरवाना शस्त्र ठेवण्यास मनाई केली होती. १८७८ चा आपल्याकडील कायदा ज्यांना आठवतो, त्यांना यातील साम्य वेगळे सांगायला नको.

या पद्धतीला उलटा धक्का बसला फ्लोरिडात. १९८७ साली त्या राज्याने असा कायदा केला, की अर्जदार वयाने पात्र असेल, त्याच्यावर गुन्हा नसेल आणि त्याने प्रशिक्षण घेतले असेल, तर अधिकाऱ्याने परवाना दिलाच पाहिजे. कारण विचारायचे नाही. एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. टेक्सासची कहाणी त्यात विशेष हृदयद्रावक आहे. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातील ल्यूबी नावाच्या उपाहारगृहात एक माथेफिरू मोटारीसह काच फोडून आत घुसला आणि त्याने २३ जणांचे प्राण घेतले. सुझाना हप नावाची महिला तेथे आई-वडिलांसह जेवायला आली होती. तिच्याकडे रिव्हॉल्व्हर होते, पण सोबत नेणे राज्याच्या कायद्यात बसत नसल्याने ते तिने बाहेर मोटारीत ठेवले होते. तिच्या डोळ्यांदेखत वडील गेले, मग आई गेली. पुढे ती गावोगावी, विधिमंडळांपुढे साक्ष देत फिरली. गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी १९९३ साली परवान्याच्या विधेयकाला नकार दिला. पुढच्या निवडणुकीत त्या पराभूत झाल्या आणि १९९५ साली नवे गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी कायद्यावर सही केली. हप बाई पुढच्याच वर्षी विधानसभेवर निवडून गेल्या.

हा प्रवास तेथेही थांबला नाही. व्हर्मांट या छोट्या ईशान्येकडील राज्यात परवाना कधी नव्हताच. १९०३ साली तेथील न्यायालयाने रटलंड शहराचा तसा नियम रद्द केला आणि विषय मिटला. अलास्काने २००३ साली, ॲरिझोनाने २०१० साली, टेक्सासने सप्टेंबर २०२१ पासून परवान्याची सक्ती काढून टाकली. २०२४ अखेर अशी राज्ये २९ झाली. म्हणजे निम्म्याहून अधिक राज्यांत, कायद्याने अपात्र नसलेला प्रौढ नागरिक कोणताही कागद न काढता पिस्तूल खिशात घालून रस्त्यावर जाऊ शकतो.

याने गुन्हे घटले की वाढले? दोन्ही बाजू आकडे फेकतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ साली सगळे अभ्यास तपासले आणि उपलब्ध पुराव्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही असे सांगितले. नंतरच्या काही अभ्यासांनी हिंसक गुन्हे वाढल्याचे म्हटले आहे, त्यांनाही उत्तरे दिली गेली आहेत. तो वाद अर्थतज्ज्ञांचा. त्यात आज शिरायला नको.

ज्या राज्यांनी मर्जीची पद्धत सोडली नाही, त्यांना २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सोडायला लावली. ब्रुएन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कचे ‘सबळ कारण’ घटनाबाह्य ठरले. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलेल्या या निकालाचा आशय असा, की घटनेतील अन्य कोणताही हक्क बजावण्यासाठी नागरिकाला सरकारपुढे आपली विशेष गरज सिद्ध करावी लागत नाही, मग याच हक्कासाठी का? कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मेरीलँड, मॅसेच्युसेट्स, हवाई यांचेही कायदे या निकालाने ढासळले.

पण सरकार नावाची वस्तू सर्वत्र सारखीच. आठवड्याभरात न्यूयॉर्कने नवा कायदा केला : मर्जी गेली, त्याजागी वर्गातील सोळा तासांचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष नेमबाजीचे दोन तास, सद्वर्तनाची ग्वाही देणारी चार माणसे, आणि जेथे पिस्तूल नेताच येणार नाही अशा ‘संवेदनशील स्थळां’ची लांबलचक यादी. टाइम्स स्क्वेअरचा सगळा परिसर त्यात आला. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात याउलट २१ वर्षे पूर्ण झालेल्याने अर्ज करावा, वीस डॉलर भरावे, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि ४५ दिवसांच्या आत पाच वर्षांचा परवाना हाती येतो. प्रशिक्षणाची अट नाही. न्यायालयानेही हक्क निरंकुश ठेवलेला नाही. जून २०२४ मधील रहीमी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी निर्णय झाला, की घरातल्या माणसांना धोका असल्याचे न्यायालयीन आदेशाने ठरलेल्या व्यक्तीचे शस्त्र काढून घेता येते.

आता पुन्हा त्या पुलाकडे येऊ. मोटार चालविण्याचा परवाना ओहायोचा असला तरी कॅलिफोर्नियात चालतो. विवाह एका राज्यात झाला तर दुसऱ्यात ते दांपत्यच असते. शस्त्राच्या परवान्याला मात्र असा सार्वत्रिक मान नाही. कोणते राज्य कोणाचा परवाना मानते, याचे करार राज्याराज्यांत होतात आणि बदलतातही. आज मानलेला परवाना पुढच्या वर्षी मानला जाईलच असे नाही. न्यूयॉर्क कोणत्याच बाहेरच्या राज्याचा मानीत नाही; इतकेच नव्हे, तर त्याच राज्यातील अन्य जिल्ह्याचा परवाना न्यूयॉर्क शहराच्या हद्दीत शहर पोलिसांच्या स्वतंत्र मान्यतेशिवाय चालत नाही. सर्व राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत, असे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केले आणि सिनेटमध्ये ते अडकले. येथे एक मौज पाहण्यासारखी आहे. एरव्ही राज्यांच्या स्वायत्ततेचा जप करणारे या एका प्रश्नावर केंद्राकडे धाव घेतात, आणि एरव्ही प्रत्येक गोष्टीसाठी केंद्रीय कायदा मागणारे येथे राज्यांच्या अधिकाराची ढाल पुढे करतात.

मग प्रवाशाने करायचे काय? १९८६ च्या केंद्रीय कायद्याने एक अरुंद वाट ठेवली आहे. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या अशा दोन्ही ठिकाणी शस्त्र कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ते नेता येते. पण गोळ्या काढलेल्या, आणि शस्त्र व गोळ्या दोन्ही हाताशी येणार नाहीत अशा ठिकाणी, म्हणजे डिकीत. डिकी नसलेल्या मोटारीत कुलूपबंद पेटी हवी, आणि डॅशबोर्डमधला कप्पा पेटी म्हणून चालत नाही. ही वाट किती अरुंद आहे, हे २००५ साली युटा राज्याच्या एका प्रवाशाला कळले. तो विमानाने पेनसिल्व्हेनियात चालला होता. त्याने पिस्तूल नियमाप्रमाणे कुलूपबंद करून, विमान कंपनीला सांगून सामानात दिले होते. न्यू जर्सीतील न्यूअर्क विमानतळावर पुढचे विमान चुकले. सामान ताब्यात घेऊन रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी परत विमानतळावर त्याने पुन्हा प्रामाणिकपणे सांगितले, की सामानात पिस्तूल आहे. त्याला अटक झाली. पुढे खटला मागे घेण्यात आला, पण त्याने भरपाई मागितली तेव्हा २०१० साली अपील न्यायालयाने निकाल दिला, की हॉटेलात त्या रात्री पेटी त्याच्या हाताशी होती, म्हणून केंद्रीय कायद्याचे संरक्षण तुटले. विमान चुकले हा त्याचा दोष नव्हता, हे न्यायालयालाही दिसत होते.

राज्याच्या हद्दीच्या आतही जागोजागी लहान सीमारेषा असतात. टेक्सासमध्ये दुकानदाराला परवानाधारकाचे लपविलेले पिस्तूलही आपल्या दारात नको असेल, तर त्याने दंडसंहितेच्या ३०.०६ क्रमांकाच्या कलमातील मजकुराची पाटी लावायची असते. अक्षरे किमान एक इंच उंचीची, इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, पार्श्वभूमीहून वेगळ्या रंगात. ज्या ठिकाणच्या उत्पन्नातील ५१ टक्के वा अधिक वाटा तेथेच पिण्याच्या मद्याचा, तेथे ‘५१’ या ठळक आकड्याची पाटी असते आणि आत पिस्तूल नेणे गुन्हा ठरतो. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत १ ऑगस्ट २०१६ पासून परवानाधारकांना लपविलेले पिस्तूल नेता येते, आणि आपल्या मुलाच्या वर्गातील शेजाऱ्याजवळ ते असू शकते, हे पालकांनी जाणून असलेले बरे. टपाल कार्यालयात मात्र कोठल्याही राज्याचा परवाना चालत नाही, कारण ती केंद्राची जागा. शाळेपासून हजार फुटांच्या आत शस्त्र नेणे हा केंद्रीय गुन्हा आहे, आणि त्यातून सूट आहे ती त्याच राज्याचा परवाना असलेल्याला. म्हणूनच परवान्याची सक्ती नसलेल्या राज्यांतही शहाणे लोक परवाना काढून ठेवतात. शहरात शाळेपासून हजार फूट दूर राहून मोटार चालविणे जवळजवळ अशक्य असते. विमानतळावर तर नजरचुकीचा पूर लोटलेला दिसतो. २०२३ या एका वर्षात अमेरिकी विमानतळांच्या तपासणी नाक्यांवर प्रवाशांच्या हातातील सामानात ६,७३७ हत्यारे सापडली आणि त्यांतील सुमारे ९३ टक्के गोळ्या भरलेली होती. बहुतेकांचे उत्तर एकच असते : बॅगेत आहे हे विसरलो.

पोलिसाने मोटार थांबविली तर शस्त्राची माहिती लगेच द्यायची की विचारल्यावर, हेही राज्यागणिक वेगळे. आणि माहिती दिल्याने सुटका होतेच असे नाही. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात परवाना असलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाने पोलिसाला शांतपणे सांगितले, की आपल्याजवळ पिस्तूल आहे. काही क्षणांत पोलिसाच्या गोळ्यांनी त्याचा प्राण गेला. मोटारीत मागे लहान मूल होते. पुढच्या वर्षी ज्यूरीने पोलिसाला निर्दोष सोडले. आपल्या वर्णाच्या मुलाच्या हाती पिस्तूल देण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांनी ही घटना नजरेआड करू नये.

शेवटी आपल्या मुलांचे काय, तो मुद्दा. येथे चित्र एकदम बदलते. फेब्रुवारी १९९७ मध्ये पर्यटक म्हणून आलेल्या एका परदेशी माणसाने फ्लोरिडात पिस्तूल विकत घेतले आणि न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या सज्जात गोळीबार केला. पुढच्याच वर्षी केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीने, म्हणजे एफ-वनवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आणि एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्या अभियंत्याने, शस्त्र विकत घेणे किंवा ताब्यात ठेवणे हाच गुन्हा आहे. २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा दहाऐवजी पंधरा वर्षांची झाली. राज्य टेक्सास असो वा व्हर्मांट, याला राज्याचा कायदा आड येत नाही. ज्या २९ राज्यांत परवाना लागत नाही, तेथे ‘कोणालाही’ या शब्दात आपला मुलगा बसत नाही. अपवाद मोजके आहेत. व्यवहारात वापरला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचा मुदतीतला शिकारीचा परवाना.

‘ताब्यात ठेवणे’ म्हणजे मालकी नव्हे, हेही लक्षात घ्यावे. मित्राने नेमबाजीच्या मैदानावर भाड्याचे पिस्तूल तासभर हाती दिले तरी तो ताबाच. संयुक्त अरब अमिरातीचा एक विद्यार्थी गुण कमी पडल्याने फ्लोरिडातील विद्यापीठातून निघाला, त्याबरोबर त्याचा वास्तव्याचा दर्जा संपला. तो देशातच राहिला आणि नेमबाजीच्या मैदानावर जाऊन गोळ्या झाडल्या, एवढ्यासाठी त्याच्यावर खटला भरला गेला. जून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने इतकेच म्हटले, की आपला दर्जा संपला आहे हे आरोपीला ठाऊक होते, असे सरकारने सिद्ध केले पाहिजे. मैदानावरची गोळी गुन्हा नाही, असे न्यायालयाने म्हटलेले नाही.

ग्रीन कार्ड मिळाले, की ही बंदी उठते. मुलगा पेनसिल्व्हेनियात राहत असेल तर वीस डॉलर भरून त्या तरुण आईला मिळाला तसाच परवाना त्यालाही मिळू शकेल. पण तो अजून नागरिक नाही. शस्त्रविषयक कोणत्याही कायद्याच्या भंगाबद्दल दोषी ठरलेल्या परदेशी व्यक्तीला, ग्रीन कार्ड असले तरी, देशाबाहेर काढता येते, असे अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याचे स्वतंत्र कलम आहे. तो त्या बाईसारखाच पुलावरून न्यू जर्सीत गेला, तसाच प्रामाणिकपणे बोलला आणि दोषी ठरला, तर शिक्षा भोगून झाल्यावर हद्दपारीचे प्रकरण उभे राहू शकते. आणि काही अन्य गुन्ह्यांत गव्हर्नरची माफी हद्दपारी टाळते, तशी ती या कलमात टाळीत नाही. फिलाडेल्फियाच्या त्या आईला गव्हर्नरच्या एका सहीने तिचे आयुष्य परत मिळाले. ग्रीन कार्डावर राहणाऱ्या माणसाला तीच सही हद्दपारीपासून वाचवू शकत नाही.